वाहिद मिस्त्रीचा मेव्हणा

वाहिद मिस्त्रीला जन्मात कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता, असं तो स्वतः सांगायचा. बरोबरच सांगायचा म्हणा. हेवा वाटायला बरोबरीचं कुणीतरी लागतं, आणि अख्ख्या केळापूर तालुक्यात रेडिओ दुरुस्त करणारा हा एकटाच. कुणाचा हेवा करणार, सायकलवाल्याचा?

त्याचा बाप कंदील आणि कुलपं दुरुस्त करत गेला. वाहिद मात्र दुसऱ्या लढाईच्या काळात नागपूरला एका उस्तादाकडे राहिला, त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याचे पाय चेपले आणि रेडिओचं काम शिकून पांढरकवड्याला, तालुक्याच्या ठाण्याला, परत आला. मोटर स्टँडला लागून टिनाची टपरी टाकली. आत बाक, बाकावर कोळशाची शेगडी, शेगडीत कथलाचे डाग लावून तारा जोडायची सळई, आणि भिंतीला खेटून लोकांचे सेट. तेव्हा रेडिओ बॅटरीवर चालायचे. आत बोटाएवढे काचेचे व्हॉल्व्ह असायचे, ते तापले की रेडिओ बोलायला लागायचा आणि एखादा गेला की मुका व्हायचा. वाहिद गेलेल्या व्हॉल्व्हचा नंबर वाचायचा, त्याच नंबरचा नवा बसवायचा. नागपूरहून पार्सल मोटरीने यायचं. काम चोख होतं, त्यात वाद नाही.

आणि त्याचा एक रिवाज होता. सेट दुरुस्त झाला की मागची फळी बसवून तिच्या स्क्रूवर तो लाख वितळवून टाकायचा आणि बोटातल्या चांदीच्या अंगठीने तिच्यावर शिक्का मारायचा. अंगठीतल्या अकीकच्या खड्यावर त्याचं नाव उर्दूत कोरलेलं होतं. शिक्का शाबूत असेल तर सेट केव्हाही आणा, वाहिद तोंडभर हसून घेणार. शिक्का तुटलेला दिसला की संपलं. "ज्यानं उघडला त्याच्याचकडे नेऊन घाला," एवढं बोलून तो पाठ फिरवायचा, मग गिऱ्हाईक पाटील असो की मामलेदार. लोक हसायचे, पण शिक्क्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

असं सगळं मजेत चाललं असताना सत्तावन्न साल उजाडलं, आणि उन्हाळ्यात मुंबईहून तापाच्या बातम्या यायला लागल्या. समुद्रापलीकडून आलेला ताप. चीनकडून निघाला, सिंगापूरला गेला, बोटींवर बसून मद्रासेत आणि मुंबईत उतरला. डॉक्टर त्याला फ्लू म्हणत, पांढरकवड्याचे लोक त्याला बोटीचा ताप म्हणायचे. वाहिदने आधी लक्ष दिलं नाही. ताप मुंबईत, आपण इथं, आपल्याला काय त्याचं?

त्याचं काय ते नागपूरच्या दुकानदाराने कळवलं. व्हॉल्व्ह नाहीत. परदेशातून येणारा माल बोटीत, बोट बंदराबाहेर खोळंबलेली, आणि धक्क्यावर माल उतरवणारे हमाल तापाने घरी पडलेले. वाहिदने खोक्यात शिल्लक होते तेवढे व्हॉल्व्ह घालवले आणि मग हात बांधून बसला. टपरीत मुक्या सेटांची रास लागायला लागली.

आणि नेमका त्याच दिवसांत, पेरण्या उरकता उरकता, त्याचा मेव्हणा येऊन उतरला.

गफ्फार म्हणजे फरीदाचा, वाहिदच्या बायकोचा, धाकटा भाऊ. पाच-सहा वर्षांपूर्वी मुंबईला पळालेला. तिथं रेडिओच्या कारखान्यात लागला होता. मोटरीतून उतरला तो पांढरी पँट, तेल लावून मागे वळवलेले केस आणि हातात पत्र्याची चकचकीत पेटी. फरीदाने भर स्टँडवर त्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं. वाहिद टपरीतून बघत होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती, नागपूरहून तो शंभरदा आला-गेला असेल, पण त्याच्यासाठी फरीदा कधी स्टँडपर्यंत आली नव्हती.

"कारखाना बंद झाला का बे?" त्याने विचारलं.

"बंद नाई दुल्हेभाई, पण बंदच समजा," गफ्फार बाकाच्या कडेवर टेकत म्हणाला. "आमची रांग असते. एकानं एक डाग लावायचा, सेट पुढं सरकवायचा. दुसऱ्यानं दुसरा. मधला एक जण तापानं झोपला की साऱ्या रांगेचे हात गालावर. मग मुकादम म्हणे, जो आला त्यानं साऱ्यायचं काम करा. मी माझा डाग सोडून बाजूच्याचा शिकलो, मग त्याच्या बाजूच्याचा. असं करत करत पुरा सेट शिकलो. अन् शिकलो तं बोट अडकली, मालच नाई. साहेब म्हणे घरी जा, बोलावू तेव्हा या."

म्हणजे बघा. वाहिदने उस्तादाचे पाय चेपून वर्षानुवर्षं जे मिळवलं, ते या पोराला मुंबईत एका तापाने फुकटात दिलं. वाहिदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुरा सेट म्हणे," तो पुटपुटला आणि शेगडीत उगाच कोळसे सारत बसला.

त्या दिवसापासून घरात एकच जप सुरू झाला. गफ्फारने असं सांगितलं, गफ्फारने तसं पाहिलं, गफ्फारला वांग्याची भाजी आवडते. वाहिदची म्हातारी आई खातूनबी, जिला पोराच्या हातचा चहा कधी गोड लागला नाही, ती गफ्फारने औषध पाजलं की लहान मुलासारखं तोंड उघडायची. रात्रीच्या जेवणाला शेजारपाजारचे येऊन बसायचे आणि गफ्फार मुंबईच्या गोष्टी सांगायचा. दोन मजली मोटरी, समुद्राच्या पाण्यावरचे दिवे. वाहिदलाही त्या गोष्टी ऐकाव्याशा वाटायच्या, हीच तर मोठी चीड. ऐकतोय हे कळू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

"त्याले दुकानात बसवा ना सोबत," फरीदा म्हणाली. "दोघं मिळून काम करा."

"काम कुठं हाय? व्हॉल्व्ह आणले का तुह्या भावानं मुंबईहून?"

"तो म्हणते, दुसऱ्या नंबरचाही चालते म्हणून."

हे खरं होतं. गफ्फार टपरीत येऊन सेटांची रास बघून गेला होता आणि वर माळ्यावर त्याची नजर गेली होती. तिथं एक पोतं पडलं होतं. लढाई संपल्यावर कामठीच्या लष्करी भंगारात वाहिदने स्वस्तात घेतलेले व्हॉल्व्ह. नंबर भलतेच निघाले म्हणून दहा वर्षं ते पोतं धूळ खात होतं. गफ्फारने मूठभर व्हॉल्व्ह काढले, उजेडात फिरवून पाहिले आणि त्याचे डोळे चमकले.

"दुल्हेभाई, हे तं सोनं हाय! यायची खालची बैठक बदलायची, दोन तारा फिरवायच्या, की हेच तुमच्या सेटात चालतात. बोट येवो न येवो."

तेव्हा टपरीत चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांत केळापूर गावचा उकंडा होता. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, वस्तीने वर्गणी काढून घेतलेला रेडिओ त्याच्याच ताब्यात असायचा. त्याने आशेने विचारलं, "मंग आमचा सेट होईन का जी?" आणि त्याने विचारलं कुणाला? वाहिदला नाही. गफ्फारला! वाहिदच्या टपरीत, वाहिदच्या बाकावर बसून!

झालं. वाहिदच्या अंगाचा तिळपापड झाला. व्हॉल्व्ह गफ्फारच्या हातातून हिसकून त्याने पोत्यात टाकले.

"माह्या दुकानात असले धंदे नाई चालत! कंपनीनं जो नंबर लिहिला तोच बसन. अन् ऐका रे सारे, ज्या सेटले या पोराचा हात लागला, तो माह्या बाकावर पुन्हा येणार नाई. मेलो तरी नाई. कसम!"

"दुल्हेभाई, मी आपलं सांगतलं फक्त," गफ्फार हसून म्हणाला. त्याला राग यायचा नाही, हेसुद्धा वाहिदला सहन व्हायचं नाही. समोरच्याने दोन शिव्या परत दिल्या तर भांडणात काही मजा आहे!

यात अजून एक गोष्ट होती आणि तीच वाहिदच्या छातीवर बसली होती. जिनिंग कारखान्याचे मालक नानाजी तालुक्यातले वजनदार गृहस्थ. त्यांच्या ओट्यावरच्या रेडिओवर कापसाचे भाव ऐकायला गाव जमायचं. त्यांनी सांगितलं होतं की सरकारी विकास ब्लॉकमधून गावोगावच्या चावड्यांना रेडिओ मिळणार आहेत, आणि ते सांभाळायला एक मिस्त्री नेमणार आहेत. ब्लॉकचे साहेब पुण्याकडचे, नवे. आदल्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर असे नवे साहेब बरेच आले होते. ते नानाजींना विचारूनच माणूस ठरवणार होते. तालुक्याचा सरकारी मिस्त्री! वाहिदने मनातल्या मनात टपरीवर पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. पण नानाजींचा स्वतःचाच सेट मुका होऊन वाहिदकडे पडला होता. "हा आधी बोलता करा, मग मी तुमच्यासाठी बोलतो," असं नानाजी हसत म्हणाले होते. हसत म्हणाले, पण म्हणाले.

म्हणून वाहिद रोज नमाजानंतर एकच मागणं मागायचा. बोट येऊ दे. बोट आली की कारखाना सुरू होईल, कारखाना सुरू झाला की हा जाईल. सारं जग ताप जावा म्हणून दुवा करत होतं, याला ताप जायला हवा होता तो मेव्हणा जावा म्हणून.

अल्लाने काय ऐकलं कोण जाणे, बोटीच्या आधी ताप पांढरकवड्याला आला. घरटी एक माणूस आडवं झालं. शाळा ओस पडली, जिनिंगच्या बाया येईनाशा झाल्या. आणि वाहिद मिस्त्री एका दुपारी बाकावरून उठायला गेला तो शेगडीवरच कोसळता कोसळता वाचला. गफ्फारने त्याला पाठुंगळीला घेऊन मशिदीमागच्या घरी नेलं. रस्त्यात लोक म्हणत होते, "पाहा, भाऊ असावा तं असा." वाहिद तापाने फणफणला होता, तरी हे त्याने स्पष्ट ऐकलं.

ताप उतरला, पण कफ छातीत जाऊन बसला. उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कितीतरी दिवस तो खाटेवरून छताकडे बघत राहिला.

"दुकान?" तो विचारायचा.

"झोपा तुम्ही," फरीदा म्हणायची.

"गफ्फार कुठं हाय?"

"असन गावात कुठंतरी फिरत."

एकदा त्याच्या लक्षात आलं की बोटात अंगठी नाही. फरीदा म्हणाली, बोटं वाळली तुमची, गळून पडत होती म्हणून उचलून ठेवली. त्याला ते पटलं. आजारी माणसाला काय, काहीही पटतं.

पोळा झाला आणि वाहिद काठी टेकत पहिल्यांदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. समोरून उकंडा सायकल हाकत आला. मागे कॅरिअरला दोरीने बांधलेला वस्तीचा रेडिओ. वाहिदला बघून तो सायकलवरून उडीच मारून उतरला.

"मिस्त्री! बरे झाले का जी? अजी, ताप आल्यापासून हात काय सुधारला तुमचा! सेट असा खणखणीत बोलून राह्यला, का केळापूरच्या देवळापर्यंत आवाज जाते. नवी बॅटरी आणाले चाललो."

वाहिदने विचारलं, "कोणता सेट?"

"हाच ना. तुम्हीच तं दिला. बिमारीत पडून कामं केली म्हणते तुम्ही. सारे सांगून राह्यले."

वाहिदने सेट उतरवायला लावला आणि मागची फळी पाहिली. लाख होती. लाखेवर शिक्का होता. त्याचा शिक्का, अक्षर न् अक्षर. त्याने खिशातल्या चाकूने लाख फोडली आणि स्क्रू काढून आत डोकावला. आत त्याच्याच पोत्यातला लष्करी व्हॉल्व्ह बसला होता, नव्या बैठकीवर. आणि डाग! मोहरीच्या दाण्याएवढे, सगळे एकसारखे, चकचकीत. वाहिदचे डाग चिंचोक्याएवढे असायचे. मजबूत असायचे, पण चिंचोक्याएवढेच. त्याने डोळे फाडून पाहिलं, एखादा तरी डाग कच्चा सापडेल म्हणून. एकही सापडला नाही. त्याने फळी परत लावली आणि घराकडे वळला.

घरी येऊन त्याने काठी आपटली.

"माह्या बोटातली अंगठी काढून तुह्या भावाले दिली?"

फरीदा पीठ मळत होती. हात थांबवून तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. "हाव. दिली."

"काहून?"

"काहून म्हणजे? लोक सेट मागाले दारात येऊन बसत. गफ्फारनं रात्री टपरी आतून लावून एकेक चालू करून दिला. पण तुम्हीच कसम घातली होती ना चार माणसांत, का त्याचा हात लागला तो सेट पुन्हा घेणार नाई म्हणून? शिक्का नसता मारला तं तुम्ही उठल्यावर सारं गाव परत लावलं असतं. म्हणून तुमच्या नावानं दिले. तोच म्हणे, आपा, सांगू नको कोणाले, दुल्हेभाईचं नाव राह्यलं पाह्यजे."

वाहिदच्याच कसमेने वाहिदचंच तोंड बंद केलं होतं. अंगठी परत बोटात घालून तो खाटेवर बसला. अंगठीसुद्धा ढिली होत होती.

मग जे दिवस आले ते तापापेक्षा वाईट. टपरीत बसावं तर जो तो येऊन कौतुक करून जायचा. मिस्त्री, जादू केली. मिस्त्री, बोटीची वाट नाही पाहिली, वा रे बहाद्दर. प्रत्येक शब्द चांगला आणि प्रत्येक शब्द दुसऱ्याचा. वाहिद "हं हं" करायचा आणि कोपऱ्यात बसून तारा सोलणाऱ्या गफ्फारकडे चोरून बघायचा. तो कधी हसेल, कधी डोळा मारेल, निदान एकदा तरी ऐट दाखवेल, याची वाट बघायचा. पोरगं मान वर करेल तर शपथ.

त्यातच नागपूरहून हैदराबादला चाललेल्या एका ट्रकवाल्याने गफ्फारला मुंबईचा निरोप दिला. बोटी लागल्या, कारखाना सुरू झाला, मुकादमाने बोलावलंय.

वाहिद मनात नाचलाच. "आता व्हॉल्व्हही येतील," तो म्हणाला.

"इतक्यात नाई येत, दुल्हेभाई," गफ्फार म्हणाला. "आलेला माल आधी कारखान्याले. मंग मुंबईच्या दुकानदारायले, मंग नागपूरले. इथी यायले दिवाळी जाईन. तोवर पोत्यातले पुरतील. मी दाखवून जाऊ का, बैठक कशी बदलाची ते?"

"मले दाखवतं?" वाहिद ओरडला. "जा तू. पेटी भर."

जाण्याच्या सकाळी स्टँडवर ही गर्दी. जसा काही नवरदेव निघाला होता! गफ्फारची पेटी मोटरीच्या टपावर चढली होती. कुणी चिवड्याची पुडी देत होतं, खातूनबी काठी टेकत दुवा द्यायला आली होती, फरीदा पदराने डोळे पुसत होती. वाहिद टपरीच्या दारात उभा राहून ड्रायव्हरची वाट बघत होता. ड्रायव्हर चहा पीत होता. पी बाबा, पण लवकर पी.

तेवढ्यात नानाजी आले. त्यांच्यासोबत टोपीवाले ब्लॉकचे साहेब, आणि नानाजींच्या गड्याच्या डोक्यावर त्यांचा रेडिओ.

"हेच आमचे वाहिद मिस्त्री," नानाजी म्हणाले. "मिस्त्री, साहेबांना काम पाहायचंय. उघडा बरं, तुमचा शिक्का तुम्हीच फोडा."

वाहिदने फळी काढली. साहेब वाकले, चष्मा सावरला आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"लष्करी व्हॉल्व्ह बसवलात? तेही इतकं सफाईदार? अहो, पुण्यातसुद्धा असा हात पाहिला नाही मी." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "नानाजी, आता दुसरा माणूस कशाला शोधायचा? मिस्त्री, चावड्यांचे रेडिओ तुमच्याकडे. उद्या कचेरीत या."

बस्स. एवढंच तर हवं होतं. आता फक्त तोंड मिटून राहायचं होतं. ड्रायव्हर मोटरीत चढला होता, हँडल मारणारा पुढे गेला होता, पाच मिनिटांत गफ्फार, त्याची पेटी आणि त्याचे मोहरीएवढे डाग कायमचे नजरेआड होणार होते. वाहिदने ओठ घट्ट मिटले.

साहेबांचं लक्ष गफ्फारकडे गेलं. "आणि हे कोण? मुंबईच्या रेडिओ कारखान्यातले म्हणे. काय हो, एवढे दिवस अशा उस्तादाजवळ राहिलात, काही शिकलात की नाही?"

गफ्फार मोटरीच्या पायरीवर उभा होता. तो मोकळेपणाने हसला. "कुठं साहेब. दुल्हेभाईचा हात आपल्याले थोडाच येते!"

लोक हसले. फरीदाने भावाकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की वाहिदला ते दिसायला नको होतं. त्याला कळलं ती काय बघतेय. केवढ्या मनाचा माझा भाऊ, हे ती बघत होती. म्हणजे कामातही हाच मोठा, आणि काम देऊन टाकण्यातही हाच मोठा! आपण जन्मभर काय करायचं, याने टाकलेलं उचलायचं?

"खोटं बोलते हा!"

वाहिदचा आवाज असा फुटला की मोटरीतली माणसं खिडकीतून डोकी काढून पाहायला लागली.

"खोटारडा हाय साला! साहेब, तो माहा हात नोहे. यानं केलं हे सारं. साऱ्या तालुक्याचे सेट यानंच केले, मी खाटेवर पडलो होतो. शिक्का माहा, डाग त्याचे. माहे डाग चिंचोक्यायवढे असतात, या टपरीत दाखवतो चला! दुसऱ्याची तारीफ मी कायले माह्या अंगावर घेऊ? नाई पाह्यजे मले! भीक नाई पाह्यजे याची!"

वाहिदला धाप लागली होती. नानाजींनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी गफ्फारकडे.

"असं आहे होय," साहेब शांतपणे म्हणाले. "मग हे मुंबईला कशाला चाललेत? तिथं त्यांना एकच डाग लावायचाय दिवसभर. इथं तालुका पडलाय." त्यांनी गफ्फारला विचारलं, "राहणार का? चावड्यांचं काम तुम्ही करा."

गफ्फारने वाहिदकडे पाहिलं. वाहिदने मान फिरवली. त्या मान फिरवण्याचा जो तो आपल्या परीने अर्थ लावायला मोकळा होता, आणि लोकांनी तो चांगलाच लावला. नानाजींनी आपण होऊन आवाज दिला, "अरे, पेटी उतरवा टपावरून!" हमालाने पेटी खाली दिली. मोटर धूळ उडवत गेली आणि गफ्फार पांढरकवड्यात राहिला. तो पुढे तिथंच राहिला. वाहिदच्या टपरीला लागून त्याने टपरी टाकली, तालुक्याचा सरकारी मिस्त्री झाला, तिथंच त्याचं लग्न झालं. साठ साल उलटून गेल्यावरही वाहिदच्या बाकावर बसून गिऱ्हाईक विचारायचं, गफ्फारभाई नाहीत का, आणि वाहिद हाताने बाजूला दाखवायचा.

पण त्या दिवशी अजून एक गोष्ट व्हायची होती.

दुपारी वाहिद घरी आला तो थेट जेवायला बसला. आपणच आपलं वाटोळं कसं केलं याचा हिशेब त्याला लागत नव्हता. फरीदाने भाकरी वाढली आणि समोर बसली. ती जेवताना कधी समोर बसायची नाही. बारा वर्षांत कधी बसली नव्हती.

"एक सांगू का?" ती म्हणाली. तिचे डोळे पुन्हा भरले होते, पण सकाळचं रडणं वेगळं होतं. "मले वाटे तुम्ही जळता माह्या भावावर. रोज वाटे. तुम्ही बोलायचे नाईत, भिंतीकडे तोंड करून पडायचे, मी मनात तुमाले काय काय म्हणत होती. अन् तुम्ही भर स्टँडवर, साहेबासमोर, आपल्या हातचं काम काढून त्याले दिलं. तो जाऊ नये म्हणून. अल्ला मले माफ करो. तुमच्यायवढा मोठ्या दिलाचा माणूस मी नाई पाह्यला. माह्या भावातही नाई."

वाहिदचा घास हातातच राहिला. बारा वर्षं हेच तर ऐकायचं होतं, नेमकं हेच, शेवटच्या वाक्यासकट. सकाळी एका साहेबाची खोटी तारीफ त्याला क्षणभर अंगावर ठेववली नव्हती. आता ही त्याहून खोटी. तोंड उघडायची देर होती. उघडलंही त्याने.

"हाव," तो म्हणाला. "पोरगं कायले जाईन तठी मुंबईले मराले."

फरीदाने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या भाकरीवर तेलाची धार सोडली. बाहेर ओट्यावर गफ्फार गल्लीतल्या माणसांना कसलीशी गोष्ट सांगत होता आणि माणसं खो खो हसत होती. वाहिद घास चघळता चघळता थांबला आणि कान देऊन ऐकत राहिला.

"दार लाव," तो फरीदाला म्हणाला.